मांजरीचा खोकला

खोकल्याचा मला मनापासून कंटाळा आहे. जनावरांच्या डॉक्टरनं असं म्हणू नये, पण नोकरीची निम्मी वर्षं मी खोकलाच ऐकत आलो. वासरू खोकतं ते मान लांब करून, जीभ बाहेर काढून. शेळीचा खोकला शिंकेसारखा असतो. कुत्रा खोकला की मालक सांगत येतो, ओकतोय म्हणून. मांजर मात्र खोकताना जमिनीला चिकटते, मान पुढे काढते आणि अगदी म्हाताऱ्या माणसासारखी खोकते. पहिल्यांदा ऐकणारा दचकून मागे वळतो, घरात कोण आजारी आहे ते बघायला.

मी पालघरला होतो तेव्हाची गोष्ट. साठीच्या दशकातली मधली वर्षं. तिकडे तारापूरला अणुवीजघराचं काम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर पत्र्याच्या ट्रंका घेऊन हिंदी बोलणारे मजूर उतरायला लागले होते. देश कुठे चालला होता ते वर्तमानपत्रात यायचं. माझ्या वाट्याला कोंबड्या आल्या होत्या. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लशीचा थर्मास खांद्याला लावायचा, बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं आणि घराघरातून पळणाऱ्या कोंबड्या धरून टोचत बसायचं. एका बाजूला मनोरपलीकडची डोंगरातली गावं, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे मी आणि सरकारी सायकल. तिचा ब्रेक अर्ज केल्याशिवाय दुरुस्त होत नसे आणि अर्ज केल्यावरही होत नसे.

केळवे आणि तारापूरच्या दरम्यान मच्छीमारांचं एक गाव होतं. दिवाळी जवळ आली होती. मी तिथे सकाळपासून कोंबड्या टोचत होतो. काम संपवून, हात धुऊन, आता निघावं म्हणत होतो तेवढ्यात एक तिशीचा माणूस पुढे आला. बराच वेळ नारळाला टेकून उभा होता, लोक पांगायची वाट बघत.

"दाक्तर, मांजर बघाल का?"

मी त्याच्यावर खेकसलोच. गुरांसाठी औषध पुरत नाही तिथे मांजर कुठून बघू? गावात मांजरींना काय तोटा होता? जाळी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी घरटी एक-दोन असायच्याच. एक मेली तर दुसरी येते.

तो गेला नाही. म्हणाला, "मांजरीचा नाय हो. मांजरीवरना घरात भांडान लागलाय. माजी बायको जाईल."

मी थर्मास परत खाली ठेवला. चांगुलपणानं नव्हे. या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय तो वाट सोडणार नाही हे दिसत होतं, आणि वाद घालायला माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

घरापर्यंत चालता चालता त्यानं सांगितलं. त्याच्या बायकोला क्षय झाला होता. वर्षाहून जास्त ती दूरच्या आरोग्यधामात राहून आली. पावसाच्या आधी डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं, बरी झाली म्हणून. पण त्याच्या आईनं तिला घरात घेतलं नाही. पडवीत अंथरूण दिलं, वेगळी ताटली दिली, तांब्या दिला. पावसाळा जाऊ दे, मग बघू, म्हणाली. पावसाळा गेला. आता घेऊ म्हणेपर्यंत मांजर खोकायला लागली. ही मांजर त्याच्या बायकोच्या अंथरुणात झोपायची.

आधी सगळ्यांना वाटलं, काटा अडकला. मासळी खाणाऱ्या गावात खोकल्याचं दुसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. माणसाच्या घशात अडकला तर जे करतात ते सगळं त्यांनी मांजरीला केलं. कोरड्या भाताचे गोळे न चावता गिळायला लावले. केळं कोंबलं. मागचे पाय धरून उलटी टांगली. पाठीवर थापट्या मारल्या. शेवटी एका पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला बोलावून त्याचा पाय तिच्या मानेवरून फिरवला, तर तिनं त्याचा अंगठा ओरबाडून काढला. एवढं सोसून मांजर जिवंत होती याचं मला जास्त कौतुक वाटलं. काटा काही निघाला नाही. तेव्हा आईनं मनातलं तोंडावर आणलं. मांजरीला सुनेचा रोग लागला. म्हणजे सून बरी झालेली नाही. दिवाळी झाली की तिला वाणगावच्या बाजूला माहेरी पाठवायची, आणि पोर इथेच ठेवायची.

"पोर केवढी?" मी विचारलं.

"चार वरसांची. आय गेली तवा अंगावर पीत होती."

घरासमोरच्या खळ्यात वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील टांगलेले होते, जबड्यात जबडा अडकवून, रांगेनं. पडवीच्या टोकाला अंथरुणावर त्याची बायको बसली होती. बारीक झालेली, पण डोळे तरतरीत. मांडीवर राखी पट्ट्यांची मांजर. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला म्हातारी उभी होती आणि तिनं नातीचा दंड घट्ट धरला होता. पुढे मी त्या घरी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा तो हात त्या दंडावर पाहिला. पोरीला त्याची इतकी सवय झाली होती की ती ओढाओढ करत नव्हती. नुसती मांजरीकडे बघत होती.

"पोरीला हात लावू देत नाहीस आईला?" मी म्हातारीला म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"दाक्तर," ती म्हणाली, "माजा थोरला याच रोगान गेला. त्याला पन दाक्तरानीच घरी पाठवला, बरा झाला म्हनून. या पडवीत गेला. तू तवा होतास काय?"

मी नव्हतो. माझा चढलेला आवाज जागच्या जागी राहिला. 

मांजर बघितली. ती खोकली तेव्हा म्हातारीनं पोरीला आत ओढलं. कान लावला तर छातीत घरघर होती. अंगावर मांस नव्हतं, पण डोळे स्वच्छ, नाक कोरडं, भूक शाबूत. काटा नव्हता हे नक्की. आणि खरं सांगायचं तर, मांजरीला क्षय होतच नाही असं नाही. कधीकधी होतो, आजारी गाईच्या दुधातून, क्वचित माणसाकडूनही. इथे खरंच तसं निघालं असतं तर या बाईला मीच माझ्या तोंडानं माहेरी धाडलं असतं.

"काय खाते ही?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

नवरा म्हणाला, मासळीच खाते, आमच्यात आणि काय. पण मांडीवर मांजर घेऊन बसलेली ती बाई पहिल्यांदाच बोलली.

"मासली नाय. आये तिला मासलीच्या आसपास येऊ देत नाय. माज्या अंथरुनात निजते म्हनून. वाडीत जाते ती. पाली आनते, बेडक्या आनते. माज्या पुढ्यात ठेवते." आणि किंचित हसली. "मला वाटते मला पन कमी वाढतात असा तिला वाटत असंल."

मी मांजरीकडे बघत राहिलो. मला मनोरच्या रस्त्यावरचं एक रानमांजर आठवलं. ट्रकखाली आलेलं. आदल्या साली डोंगरातल्या माणसांनी ते मला आणून दिलं होतं, कशासाठी कोण जाणे, बहुधा मला जनावरांची आवड आहे असा त्यांचा समज होता. कुतूहल म्हणून मी ते उघडलं. फुप्फुसांवर राखाडी, टणक ठिपके, मिरीच्या दाण्याएवढे. आत सुतासारखे बारीक जंत. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. या जंतांची पिल्लं विष्ठेतून बाहेर पडतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर गोगलगायी फिरतात, त्यांच्या अंगात ही पिल्लं शिरतात. गोगलगायीला बेडूक खातो, पाल खाते, उंदीर खातो. आणि त्यांना मांजर खाते. ताटात मासळी पडणाऱ्या मांजरीला ही भानगड होण्याचं कारण नाही. पण जिची मासळी बंद झाली आणि जी पावसाळाभर वाडीत पोट भरत फिरली, तिला?

मी त्यांना काही सांगितलं नाही. आधी सांगून मग तोंडघशी पडण्याची हौस तोवर फिटली होती. एवढंच म्हणालो की मांजरीची विष्ठा लागेल, ताजी. म्हातारी तोंड फिरवून आत गेली. सरकार आता हेही गोळा करतं का, असं काहीसं पुटपुटल्याचं ऐकू आलं.

पहिली खेप फुकट गेली. नवऱ्यानं नारळाच्या पानात गुंडाळून आणली, बोईसरपर्यंत चालत आणि पुढे गाडीनं. मी ती पद्धतीप्रमाणे मलमलीच्या फडक्यात बांधून कोमट पाण्याच्या पेल्यात टांगून ठेवली. जिवंत किडे असले तर ते पाण्यात उतरतात आणि तळाशी बसतात. सकाळी तळाचा थेंब दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, घेतला तर नुसता बुजबुजाट. मी खुर्चीतून उठलोच. मग परत बसून नीट पाहिलं. शेपट्या सरळ, वागणं वेगळं. हे वाळूतले किडे होते. किनाऱ्यावरची मांजर वाळूत उकरून बसते, आणि वाळूत असले निरुपद्रवी किडे लाखांनी असतात. माझ्या आनंदाचं पाणी झालं. दवाखान्याचा शिपाई म्हणाला, साहेब, सकाळी सकाळी तुम्ही त्यात काय बघता? त्याला काय सांगणार.

परत जाणं आलं. जाऊन त्या बाईला सांगितलं, वाळू नको, मांजर बांधून ठेव आणि फुटक्या टोपलीत चुलीतली राख घालून दे. ती म्हणाली, चूल आत आहे. मला ते लक्षात आलं नव्हतं. तिच्या हाताला घरातली राखसुद्धा येत नव्हती. मग नवऱ्यानं राख आणून दिली. समुद्रावर जायच्या आधी तो रोज राख बदलत होता म्हणे, आणि बोटीवरचे बाकीचे त्याला मांजरीचा भंगी म्हणून चिडवत होते. तो चिडत नसे. त्याची आई बोलली तर गप्प, बायको बोलली तर गप्प, बोटीवर गप्प. मला त्याचा राग यायचा. पण राख तो न चुकता बदलायचा.

दुसऱ्या खेपेला पाण्याच्या तळाशी थोडेसेच होते. पण शेपटीला टोकाशी मुरड होती, पुस्तकात फुप्फुसातल्या जंतांच्या पिल्लांच्या चित्रात असते तशी. मी त्या दिवशी दोन वेळा चहा मागवला. एरवी मी एका वेळेचाही पूर्ण पीत नसे.

तालुक्याच्या दवाखान्यातले माणसांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. तेही माझ्याइतकेच थकलेले. त्या बाईची थुंकी तेच तपासत होते. म्हणाले, "कित्येक महिने स्वच्छ आहे. गोळ्या नियमित घेतेय. पोरीला जवळ घेतलं तर काही होत नाही. मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, सासूला निरोप दिला. अजून काय करू, नाचू?" मी म्हणालो नाचू नका, हत्तीपायाच्या गोळ्या द्या. त्या किनाऱ्यावर हत्तीपाय पुष्कळ, त्यामुळे त्या गोळ्या त्यांच्याकडे असायच्याच. वासरांच्या फुप्फुसातल्या जंतांवर त्या चालतात हे मी पाहिलं होतं. मांजरीवर चालतील की नाही हे ठाऊक नव्हतं. दुसरं काही हाताशी नव्हतं.

गोळ्या देऊन भागलं असतं. पण म्हातारीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. तू तवा होतास काय? तिला डॉक्टरचा शब्द चालणार नव्हता, माझा तर नाहीच. तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. म्हणून मी दवाखान्याची एकुलती एक पितळी दुर्बीण लाकडी पेटीत घातली, पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली आणि निघालो. वाटेत ती पडली असती तर माझ्या पगारातून ती फिटायला म्हातारपण आलं असतं. केळव्याच्या रस्त्याला खड्डे किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

खळ्यात, उन्हात, मासळीची टोपली पालथी घालून तिच्यावर दुर्बीण ठेवली. आरशानं ऊन आत घेतलं. पेल्याच्या तळाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, त्याचा थेंब काचेवर सोडला. सुकवायला बोंबील घेऊन आलेल्या दोन-तीन बायका थांबल्या, त्यांना म्हातारीनं हाकललं. मग पोरीला उंबऱ्याशी बसवून ती स्वतः आली आणि वाकली.

"माज्या पापन्याच दिसतात."

"एक डोळा मीट. नाही, तो नाही, दुसरा. जवळ ये थोडी."

बराच वेळ गेला. मग ती जी मागे झाली ती टोपलीवर आपटता आपटता राहिली.

"वलवलतात! अरे बाबा, काय हाय ता?"

"मांजरीच्या छातीतले किडे. म्हणून खोकते ती. सुनेचा रोग नाही तो. सुनेच्या रोगात असले किडे नसतात."

"पोरीला होतील?"

"नाही. माणसाला होत नाहीत. गोगलगायी, पाली, बेडूक, त्यांच्यातून मांजरीला होतात. तुझी मांजर पाली खायला कशाला गेली? मासळीच्या घरातली मांजर?"

हे मी मुद्दाम विचारलं. मला राग आला होता, आणि तो कुठे तरी काढायचा होता. म्हातारी वळली आणि वलांडीकडे बघत उभी राहिली. त्यावर मांजरी सहज पोचू नयेत इतक्या उंचीवर बोंबील लटकत होते.

"म्हनजे मीच खोकवली तिला," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं. आता ती सुनेला आत बोलावेल, मी पेटी भरीन आणि अंधार पडायच्या आत सायकलवर टांग मारीन. पण म्हातारी म्हणाली, "मांजरीचा दावलास. आता हिचा दाव."

पडवीत बसलेल्या बाईचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं की तिलाही खात्री नव्हती. इतके महिने वेगळ्या ताटलीत जेवून, तांब्यात पाणी वरून ओतून घेऊन, पोरीला लांबून बघून तिलाही आत कुठे तरी वाटायला लागलं होतं की आपल्यात ते अजून असणार.

मी म्हातारीला खरं ते सांगितलं. म्हणालो, हिचा रोग या दुर्बिणीत असा दिसत नाही. ते जंतू फार बारीक असतात, काच रंगवावी लागते, मोठी दुर्बीण लागते. ते सगळं पालघरला करून झालंय, आणि काही सापडलेलं नाही. साध्या काचेवर मी कुणाचीही थुंकी ठेवली तरी तुला काही दिसायचं नाही, त्यावरून काही ठरत नाही.

"तुजा बोलना ठेव बाजूला. दाव."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात जोडलेले होते. मी काय करायला हवं होतं? जे नाही ते डोळ्यांना कसं दाखवायचं, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. सांगायचं ते मी सांगितलं होतं. मी थकलो होतो, ऊन कलायला लागलं होतं, आणि तिची थुंकी स्वच्छ आहे हे मला ठाऊक होतं.

त्या बाईनं करवंटीत थुंकी दिली. करवंटी माझ्याकडे सरकवून सवयीनं तिनं लगेच हात मागे घेतला, माझ्या हाताला लागू नये म्हणून. मी काच लावली. म्हातारी वाकली. यावेळी तिनं बरोबर डोळा मिटला. वाऱ्यानं बोंबील एकमेकांवर घासत होते, तेवढाच आवाज. पडवीतली बाई मांजरीच्या पाठीवरचा हात हलवत नव्हती.

"मांजरीचा परत लाव," म्हातारी म्हणाली.

लावला. तिनं पाहिलं.

"आता हिचा."

परत तो लावला. असं तिनं कितीदा करायला लावलं कोण जाणे. माझी कंबर गेली. काचा पुसून पुसून सदऱ्याचं टोक ओलं झालं. सरकारी कामात मी इतकी कसून तपासणी कुणाची पाहिली नाही. शेवटी ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"यात वलवलतं," ती म्हणाली. "यात नाय."

"नाही," मी म्हणालो.

"माज्या थोरल्याचा कुनी असा दावला असता..." ती म्हणाली. मला तिचा राग राहिला नाही. तिच्या थोरल्याच्या वेळी कुणी तिच्यापुढे असं वाकून बसलं नव्हतं, एवढंच तिला कळलं होतं, आणि ते खरंच होतं.

तिनं सुनेला आत ये म्हटलं नाही. म्हातारीसारखी माणसं असं म्हणत नाहीत. तिनं वलांडीवरचा एक ओला बोंबील काढला आणि पडवीत मांजरीपुढे टाकला. मग उंबऱ्याशी गेली आणि सवयीनं नातीचा दंड धरला. थोडा वेळ धरून उभी राहिली. मग सोडला.

पोरगी आधी हलली नाही. हात सुटल्यावर काय करायचं हे तिला माहीत नसावं. मग उंबरा ओलांडून एक-एक पाऊल करत पडवीच्या टोकाला गेली, आणि अंथरुणापासून हातभर अंतरावर थांबली. मांजर बोंबील संपवून पुन्हा मांडीवर चढली होती.

"मांजर दे," पोरगी म्हणाली. आईला नाही, मांजरीच्या मालकिणीला म्हणतात तसं.

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, आणि गोळ्यांची पुडी शोधायच्या निमित्तानं पेटीत डोकं घातलं. मला वाटलं ती पोरीला ओढून छातीशी धरेल. तिनं तसं केलं नाही. ती माझ्यापेक्षा, म्हातारीपेक्षा, सगळ्यांपेक्षा सबुरीची होती.

"ने," ती म्हणाली. "पन ती आता निजली हाय. हतं बस, जागी झाली का घे."

पोरीनं मागे वळून आजीकडे पाहिलं. आजी खांबाला धरून उभी होती. मग पोरगी अंथरुणाच्या कडेला टेकली, निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि तिनं मांजरीच्या पाठीवर हात ठेवला. तिथे आधीपासून एक हात होता. तो हात काढला गेला नाही.

मी नवऱ्याला गोळ्यांचं सांगत होतो, किती चुरायची, कशात घालायची. तेवढ्यात पडवीतून खोकला ऐकू आला. खोल, ओढून काढलेला, म्हाताऱ्या माणसाचा. आम्ही सगळे वळलो. पोरगी ताडकन उठून उभी राहिली, शिकवल्यासारखी, आणि आजीकडे धावायला निघाली.

म्हातारी जागची हलली नाही.

"बस गो," ती म्हणाली. "मांजरीचा हाय तो."

पोरगी परत बसली.